डबा टीव्हीवर 'मारिओ' वेगळा का दिसायचा? जुन्या गेम्सच्या पिक्सेल आर्टमागचं गणित

सोशल मीडियावर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. डावीकडे जुन्या व्हिडिओ गेममधला एखादा चेहरा, मोठमोठ्या चौकोनी ठोकळ्यांचा. उजवीकडे तोच चेहरा, पण नाक-डोळे नीट, गालावर सावली, केसांना चमक. खाली कमेंट्समध्ये वाद ठरलेला. एक म्हणतो उजवीकडच्या फोटोला फिल्टर लावलाय, दुसरा म्हणतो हे एआयचं काम आहे.

खरं तर दोन्ही फोटोंमधला गेम एकच असतो आणि चित्रही एकच. फरक फक्त स्क्रीनचा. डावीकडचा फोटो आजच्या सपाट स्क्रीनवरचा आणि उजवीकडचा पिक्चर ट्यूबवाल्या जुन्या टीव्हीवरचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला डबा टीव्ही म्हणतात त्याच्यावरचा.

आणि त्या काळी गेमची चित्रं काढणाऱ्यांना हा फरक माहीत होता. त्यांचं काम कागदावर किंवा कॉम्प्युटरवर संपत नव्हतं, शेवटचा हात टीव्ही फिरवायचा. हे नेमकं कसं व्हायचं, त्यासाठी चित्रं कशी काढली जायची आणि आज कुणाला तशी काढायची असतील तर काय लक्षात ठेवावं लागतं, ते क्रमाने बघू.

आधी टीव्हीच्या आत काय चालायचं ते बघू

डबा टीव्ही जाड असायचा, कारण त्याच्या आत काचेची एक मोठी नळी असायची. तिचं तांत्रिक नाव कॅथोड रे ट्यूब, म्हणजे सीआरटी. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये या नळीचं सुरुवातीचं रूप तयार केलं होतं.

नळीच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी गन असते. पुढच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असतो. इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरवर आदळला की तेवढी जागा उजळते आणि लगेच मावळते. हा झोत डावीकडून उजवीकडे एक रेषा ओढतो, खाली सरकतो, पुन्हा रेषा ओढतो. रंगीत टीव्हीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी वेगवेगळे झोत असतात. कुठला झोत कुठल्या रंगाच्या फॉस्फरवर पडेल, हे काचेमागची बारीक छिद्रांची किंवा पट्ट्यांची जाळी ठरवते. सोनीने १९६८ मध्ये आणलेल्या ट्रिनिट्रॉन टीव्हीत उभ्या पट्ट्यांची जाळी होती.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की डबा टीव्हीत 'पिक्सेल' नावाची वस्तूच नसते. आजच्या एलसीडी किंवा एलईडी स्क्रीनवर प्रत्येक पिक्सेलचा स्वतःचा ठरलेला चौकोन असतो. जुन्या टीव्हीत मात्र फक्त रेषा असतात आणि त्या रेषेवर उजेड कमी-जास्त होत जातो. गेम मशीनने पाठवलेला पिक्सेल टीव्हीवर पोहोचेपर्यंत कडा गेलेला, मऊ झालेला उजेडाचा ठिपका बनतो. उजेड जास्त असला की हा ठिपका पसरतो, कमी असला की आक्रसतो.

म्हणजे चित्रकार चौकोन भरत होता आणि प्रेक्षक ठिपके बघत होता. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका फरकातून निघाल्या.

२४० रेषांची युक्ती

अमेरिका आणि जपानमध्ये टीव्हीची एनटीएससी पद्धत होती. तिच्यात ५२५ रेषा असायच्या, पण त्या एकदम ओढल्या जात नसत. आधी एकाआड एक रेषांचा अर्धा संच, मग मधल्या राहिलेल्या रेषांचा संच, असं सेकंदाला सुमारे ६० वेळा चालायचं. भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात पाल पद्धत होती. तिच्यात ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० संच.

गेम मशीन बनवणाऱ्यांनी यात एक पळवाट शोधली. त्यांच्या मशीनने टीव्हीला असा सिग्नल दिला की दोन्ही वेळा रेषा त्याच जागी पडतील. मधल्या रेषा रिकाम्याच राहतील. यामुळे चित्राची उंची सुमारे २४० रेषांवर आली, पण चित्र थरथरणं बंद झालं आणि सेकंदाला ६० पूर्ण चित्रं दाखवता आली. मारिओची उडी इतकी सलग वाटते, त्याचं एक कारण हेच.

रिकाम्या राहिलेल्या रेषांच्या जागी बारीक काळ्या फटी दिसायच्या. आज लोक ज्याला 'स्कॅनलाइन्स' म्हणतात त्या याच. या फटींमुळे डोळ्याला चित्रात जास्त बारकावा असल्याचा भास होतो. दोन रंगांच्या मधली पायरी सरळ समोर येत नाही, मध्ये काळी फट असते आणि उरलेला उतार मेंदू स्वतः भरून काढतो.

चित्रकाराकडे सामान किती होतं?

निन्टेंडोचं फॅमिकॉम मशीन जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आलं. अमेरिकेत १९८५ पासून ते एनईएस या नावाने विकलं गेलं. त्याची स्क्रीन २५६ बाय २४० पिक्सेलची. आजच्या फोनमधला एखादा ॲप आयकॉनसुद्धा याहून मोठ्या फाइलमधून येतो.

चित्र सलग काढायची सोय नव्हती. सगळं ८ बाय ८ पिक्सेलच्या फरशांमध्ये तोडावं लागायचं. फरशी बसवून घराची जमीन तयार करतात, तशीच या तुकड्यांतून पार्श्वभूमी तयार व्हायची. एका फरशीत जास्तीत जास्त ४ रंग. हलणाऱ्या आकृत्यांना, म्हणजे स्प्राइटना, फक्त ३ रंग आणि चौथा पारदर्शक. एका आडव्या रेषेवर ८ पेक्षा जास्त स्प्राइट आले की जादाचे दिसेनासे व्हायचे. 'कॉन्ट्रा' खेळताना गोळ्या आणि शत्रू वाढले की आकृत्या लुकलुकायच्या, त्याचं कारण हेच. काहीच कायमचं गायब होऊ नये म्हणून प्रोग्रॅम आळीपाळीने वेगवेगळ्या आकृत्या दाखवायचा.

१९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सगळा गेम ४० केबीमध्ये बसवलेला आहे. त्यातलं ढगांचं चित्र आणि झुडपांचं चित्र एकच आहे. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप.

मारिओचं रूपही या टंचाईतूनच आलं. १९८१ च्या 'डाँकी काँग' गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र काढलं. इतक्या कमी पिक्सेलमध्ये तोंड दाखवणं अवघड, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढायला आणि ते उडताना दाखवायला नकोत म्हणून टोपी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांची डांगरी. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक असा 'जागा नाही' या अडचणीतून घडला.

त्या काळात कामाची सुरुवात बहुतेक वेळा आलेख कागदावर व्हायची. चौकोन रंगवायचे आणि प्रत्येक रंगाला आकडा देऊन तो मशीनमध्ये भरायचा. मारिओच्या पातळ्यांचे आराखडेही आलेख कागदावरच काढलेले होते. पण कागदावरचं चित्र आणि टीव्हीवरचं चित्र यांच्यात अंतर होतं, आणि खरी कारागिरी त्या अंतरात होती.

पिक्सेल चौकोनी नव्हताच

पहिली अडचण रुंदीची. टीव्हीची स्क्रीन ४:३ आकाराची. फॅमिकॉमचे २५६ आडवे पिक्सेल त्या रुंदीवर ताणले जायचे आणि प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा सुमारे १४ टक्के रुंद व्हायचा. त्याचं गुणोत्तर ८:७ धरलं जातं.

याचा अर्थ काय, तर आलेख कागदावर १६ बाय १६ चं गोल गरगरीत वर्तुळ काढलं, तर टीव्हीवर ते आडवं पसरून भाकरीसारखं दिसणार. टीव्हीवर गोल हवं असेल तर कागदावर ते १४ रुंद आणि १६ उंच, म्हणजे थोडं अंड्यासारखं काढावं लागणार.

गेम पार्लरमधल्या मशीनवर उलटा प्रकार होता. कॅपकॉम कंपनीच्या 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) या गेमचं चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचं होतं. ते ४:३ च्या स्क्रीनमध्ये बसवताना दोन्ही बाजूंनी दाबलं जायचं. इथे २८ पिक्सेल उंच वर्तुळ गोल दिसायला ३६ पिक्सेल रुंद काढावं लागतं. म्हणूनच या गेमची चित्रं आज कॉम्प्युटरवर थेट उघडली की पैलवान जरा जास्तच आडवे वाटतात. पार्लरच्या स्क्रीनवर ते बेतशीर दिसायचे.

याच कुटुंबातला एक गेम महाराष्ट्रातल्या पार्लरमध्ये गेलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव कुणाला सांगितलं तर कदाचित ओळख लागणार नाही, पण 'मुस्तफा' म्हटलं की लगेच लागेल. त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रामुळे आपल्याकडे अख्ख्या गेमलाच ते नाव पडलं. हे चित्रही ३८४ बाय २२४ चं होतं. आज फोनवर तोच गेम पूर्ण स्क्रीनला ताणून खेळला की पात्रं जाडजूड दिसतात. दोष चित्रकाराचा नाही, ताणण्याचा आहे.

वायरीत मिसळणारे रंग

दुसरी गंमत वायरीची. घरगुती मशीन टीव्हीला जोडायला बहुतेक वेळा पिवळ्या पिनेची व्हिडिओ वायर किंवा अँटेनाची वायर असायची. या एका वायरीतून उजेड आणि रंग दोन्ही माहिती एकत्र जाते. टीव्हीने ती पुन्हा वेगळी करायची.

उजेडाची माहिती बऱ्यापैकी बारीक असते, पण रंगाची माहिती बरीच जाडीभरडी. त्यामुळे रंग आपल्या हद्दीबाहेर सांडतात, विशेषतः भडक लाल. आणि उजेडाचे चढउतार फार जवळजवळ आले, तर टीव्ही त्यांना रंग समजून बसतो.

ही खोड पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती ॲपल कंपनीच्या स्टीव्ह वॉझनियॅक यांनी. १९७७ च्या ॲपल टू कॉम्प्युटरमध्ये त्यांनी ठिपक्यांची जागा अशी बेतली की टीव्हीची फसगत होऊन पडद्यावर रंग उमटावेत. रंगासाठी लागणारं महागडं सर्किट यातून वाचलं.

गेमच्या चित्रकारांनी याचा उपयोग रंग वाढवायला केला. सेगाचं मेगा ड्राइव्ह मशीन १९८८ चं. ते ५१२ रंगांमधून एका वेळी फार तर ६० च्या आसपास रंग दाखवू शकायचं. पाण्यासारखी आरपार दिसणारी गोष्ट दाखवायची सोपी सोयही त्यात नव्हती. मग उपाय असा की एक पिक्सेल रंगाचा, पुढचा दुसऱ्या रंगाचा, पुन्हा पहिला, अशा उभ्या पट्ट्या किंवा बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी काढायची. याला 'डिथरिंग' म्हणतात.

'सॉनिक द हेजहॉग' (१९९१) च्या पहिल्याच ग्रीन हिल झोनमध्ये धबधबा आहे. आजच्या स्क्रीनवर तो स्पष्ट उभ्या पट्ट्यांचा पडदा दिसतो. डबा टीव्हीवर पिवळ्या पिनेच्या वायरीने बघितला तर पट्ट्या एकमेकींत विरघळतात आणि मागचा खडक दिसेल असं पाणी तयार होतं. पट्ट्या इतक्या जवळ असतात की टीव्हीला त्या रंगाच्या सिग्नलपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कधीकधी त्या पाण्यावर पुसटसे इंद्रधनुषी पट्टेही दिसतात, ते याच गोंधळामुळे.

म्हणजे जो रंग मशीनकडे नव्हताच, तो वायरीत आणि टीव्हीत तयार व्हायचा.

एका ठिपक्याचा डोळा

व्हायरल फोटोंमध्ये सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे कोनामीच्या १९९७ च्या 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' मधल्या ड्रॅक्युलाचं. आजच्या स्क्रीनवर त्याच्या डोळ्याच्या जागी लाल रंगाचा नुसता एक बारीक चौकोन दिसतो. जणू कुणी चुकून ठिपका ठेवलाय. डबा टीव्हीवर त्याच ठिपक्याचा उजेड आजूबाजूच्या सावलीत पसरतो आणि अंधारातून रोखून बघणारा डोळा दिसतो.

इथे चित्रकाराने डोळा 'काढलेला' नाही. बाहुली, पापणी, चमक यातलं काहीच त्या पिक्सेलमध्ये नाही. गडद भागात एक तेजस्वी ठिपका ठेवला की टीव्ही तो कसा पसरवेल, याचा अंदाज घेऊन जागा निवडलेली आहे.

केसांवरची चमक, तलवारीची धार, कपाळावरचा उजेड हे सगळं याच पद्धतीने चालायचं. गडद बाजूला मधल्या छटेचा एक पिक्सेल ठेवला की पायऱ्या पायऱ्यांची कडा गुळगुळीत वक्र वाटते.

अक्षरं, कडा आणि लुकलुक

जुन्या गेममधली अक्षरं नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. उभ्या रेघा जाड आणि आडव्या रेघा बारीक. १९७६ च्या 'क्विझ शो' या अटारी समूहातल्या गेममध्ये ८ बाय ८ ची अशी अक्षरं होती. पुढे नॅमकोसारख्या जपानी कंपन्यांच्या गेममध्येही तोच साचा दिसतो. यात उभी रेघ २ पिक्सेलची असते आणि आडवी १ पिक्सेलची. झोत आडवा धावत असल्यामुळे एका पिक्सेलची उभी रेघ पुसट होते किंवा तिला रंगीत कडा येतात. दोन पिक्सेलची रेघ टिकते. आडवी रेघ मात्र पूर्ण एका ओळीत ओढली जाते, त्यामुळे ती एका पिक्सेलचीही ठसठशीत दिसते.

टीव्हीची कडा हीसुद्धा डोकेदुखी होती. प्रत्येक टीव्ही चित्राचा थोडा भाग प्लॅस्टिकच्या चौकटीमागे खायचा, आणि किती खाईल ते मॉडेलवर अवलंबून. म्हणून गुण, उरलेली जीवनं, वेळ हे आकडे अगदी कडेला न ठेवता आत घेतलेले दिसतात. ती मोकळी जागा हौस म्हणून सोडलेली नाही.

तिसरी युक्ती लुकलुकीची. एखादी सावली किंवा भूत अर्धपारदर्शक दाखवायचं असेल, तर ते एका चित्रात दाखवायचं, पुढच्यात लपवायचं. सेकंदाला ६० चित्रांच्या वेगात डोळ्याला ते आरपार असल्यासारखं भासतं. पण याच गेमचा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांनी रेकॉर्ड केला तर ती सावली एकतर पूर्ण दिसते किंवा पूर्ण गायब होते. यूट्यूबवर जुन्या गेमचे व्हिडिओ बघून 'इथे सावलीच नाही' असं वाटलं, तर कारण हे असू शकतं.

मग सगळं ठरवून केलेलं होतं का?

इथे थोडं सबुरीने घ्यायला हवं. 'जुन्या काळी प्रत्येक पिक्सेल टीव्हीचा विचार करून ठेवला जायचा' असं सरसकट म्हणता येत नाही.

एक तर सगळ्यांच्या घरचं चित्र सारखं नव्हतं. कुणाकडे अँटेनाची वायर, कुणाकडे पिवळी पिन, युरोपात बऱ्याच घरांत तिन्ही रंग वेगळे नेणारी स्कार्ट केबल. चांगल्या केबलवर सॉनिकचा धबधबा डबा टीव्हीवरही पट्टेदारच दिसतो. पार्लरच्या मशीनमध्ये रंग वेगवेगळ्या तारांनी येत, त्यामुळे तिथे वायरीतलं मिश्रण नसे, फक्त झोताचा मऊपणा आणि रेषांच्या फटी असत.

दुसरं म्हणजे डिथरिंग ही मुळात छपाईच्या आणि कॉम्प्युटरच्या जगातली जुनी पद्धत. काही ठिकाणी ती फक्त रंग कमी पडले म्हणून वापरली गेली. वर्तुळांचंही तसंच. रुंदीचा हिशेब सगळ्यांनी केला नाही, आणि काही गेममधले चंद्र-सूर्य टीव्हीवर खरोखरच लांबट दिसायचे. निन्टेंडोचा १९८९ चा गेम बॉय तर एलसीडी स्क्रीनचाच होता. त्याची पिक्सेल आर्ट डबा टीव्हीसाठी नव्हतीच.

पण एक गोष्ट नक्की. घरगुती मशीनसाठी काम करणाऱ्या चित्रकारासमोर चित्र बघायला पिक्चर ट्यूबच होती. तिच्यावर जे चांगलं दिसेल ते ठेवलं जायचं, वाईट दिसेल ते बदललं जायचं. प्रत्येक युक्तीमागे सिद्धांत नसेल, पण डोळ्यांनी केलेली निवड होती आणि ती त्या काचेकडे बघूनच झाली होती.

आज 'रेट्रो' म्हणून टी-शर्टवर, जाहिरातीत, रील्समध्ये जे धारदार ठोकळे दिसतात, तसं चित्र त्या काळातल्या घरात टीव्हीवर कुणी बघितलेलं नाही. तो लूक पुढे कॉम्प्युटरवर एम्युलेटर आले आणि पिक्सेल मोठे करून दिसायला लागले, तेव्हा घरोघरी पोहोचला.

आज असं चित्र काढायचं असेल तर

पिक्सेल आर्ट शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि एसप्राइटसारखी सॉफ्टवेअर सहज मिळतात. ज्यांना जुन्या टीव्हीवर शोभेल असं चित्र काढायचं आहे, त्यांच्यासाठी वरच्या सगळ्या गोष्टींचा सार असा:

१. आधी मशीन ठरवा. २५६ बाय २२४ किंवा ३२० बाय २२४ अशी एकच मोजमापं घ्या आणि शेवटपर्यंत पाळा.

२. पिक्सेल किती ताणला जाणार ते आधी काढा. एक वर्तुळ आणि एक चौकोन काढून ४:३ मध्ये ताणून बघा. तेवढ्यात चूक कळते.

३. रंग मोजून घ्या. ३-४ रंगांत आकृती ओळखता आली पाहिजे. आधी फक्त काळ्या सावलीत आकार ओळखू येतोय का ते बघा, मग रंग भरा.

४. उभ्या बारीक रेघा टाळा. महत्त्वाची उभी रेघ २ पिक्सेलची ठेवा.

५. भडक लाल आणि भडक निळा शेजारी ठेवू नका. मध्ये गडद रंगाची एक ओळ दिली की सांडणं झाकलं जातं.

६. चमक कंजुषीने द्या. आजच्या स्क्रीनवर चार पिक्सेल लागतील तिथे डबा टीव्हीला एक पुरतो. जास्त दिली तर सगळं पांढरं फटक होतं.

७. डिथरिंग कुठल्या वायरीसाठी आहे ते ठरवा. पिवळ्या पिनेवर उभ्या पट्ट्या विरघळतील, चांगल्या केबलवर दिसत राहतील. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर एकमेकांच्या जवळचे दोन रंग निवडा.

८. कडेचे ८ ते १६ पिक्सेल रिकामे किंवा बिनमहत्त्वाचे ठेवा.

९. तपासताना लांबून बघा. ही चित्रं काही फुटांवर बसून बघायची होती, नाक स्क्रीनला लावून नव्हे.

खरा टीव्ही नसेल तर पर्याय आहेत. रेट्रोआर्कसारख्या मोफत एम्युलेटरमध्ये 'सीआरटी शेडर' असतात. ते झोताचा पसारा, फटी आणि रंगाची जाळी यांची नक्कल करतात. निन्टेंडोने २०१६ मध्ये विकलेल्या छोट्या एनईएस क्लासिक मशीनमध्येही सीआरटी फिल्टरचा पर्याय होता. स्क्रीन जितकी बारीक तितकी नक्कल चांगली. ४के स्क्रीनवर उभे २१६० पिक्सेल असतात, म्हणजे जुन्या २४० रेषांपैकी प्रत्येकीसाठी बरोबर ९ ओळी. त्यात उजळ रेषा, तिचा मऊ उतार आणि काळी फट असं तिन्ही बसतं. १०८० च्या स्क्रीनवर हाच हिशेब साडेचार ओळींचा होतो आणि फटी कमी-जास्त जाडीच्या दिसू लागतात.

डबा टीव्ही संपले की काय संपतं?

आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढच्या दोन दशकांत पिक्चर ट्यूब घराघरांत पोहोचली. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता. नव्वदच्या दशकात याच टीव्हींना फॅमिकॉमच्या चायनीज नकला जोडून '९९९९ इन १' च्या कॅसेट लावल्या गेल्या. त्या पिढीच्या डोळ्यांत बसलेला मारिओ हा त्या काचेवरचाच मारिओ.

आता घरगुती टीव्हीसाठी पिक्चर ट्यूब बनत नाहीत. जे टीव्ही उरलेत त्यांचं फॉस्फर वापराने मंद होत जातं, झोताचा नेम हलतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. बहुतेक टीव्ही भंगारात जातात. तिथेही ते सांभाळून हाताळावे लागतात, कारण नळीच्या मागच्या काचेत शिसं असतं. घरी पडलेला टीव्ही उघडून बघायचा मोह तर टाळलेलाच बरा. नळीवर २० हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

काही गोष्टींची तर नक्कलही अवघड आहे. 'डक हंट' ची बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. तो उजेड बंदुकीतल्या सेन्सरला दिसला तर नेम लागला. यासाठी चित्र त्याच क्षणी काचेवर उमटावं लागतं. नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात जो थोडा उशीर लावतात, तेवढ्यात बंदुकीचा हिशेब चुकतो. शिवाय बरेच नवे टीव्ही २४० रेषांचा सिग्नल चुकीचा ओळखतात आणि लुकलुकणाऱ्या सावल्यांचं चित्र फाटकंतुटकं करून दाखवतात.

गेमची फाइल जपून ठेवणं सोपं आहे. ४० केबीचा मारिओ कुठल्याही पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो. पण त्या फाइलमध्ये फक्त चौकोनांचे आकडे आहेत. ते चौकोन प्रेक्षकाला कसे दिसायचे, ही माहिती फाइलमध्ये नाही, ती टीव्हीत होती. म्हणून जुने गेम जपणारे लोक आज मशीनसोबत चालू स्थितीतले डबा टीव्हीही जपतात, आणि शेडर लिहिणारे प्रोग्रॅमर खऱ्या नळ्यांचे जवळून फोटो काढून एकेका रेषेची जाडी मोजतात. शेवटची चांगली पिक्चर ट्यूब बंद पडायच्या आत ती कशी दिसायची याची नोंद पूर्ण व्हावी, ही त्यांची घाई आहे.

तोवर कुणाच्या माळ्यावर चालू डबा टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्याच्यावर सॉनिकचा धबधबा बघून घ्या. पट्ट्या दिसतात की पाणी, ते आपोआप कळेल.